आकाशात ऐकायचं कसं?

माझा भाचा विमानं दुरुस्त करतो. इंजिन नव्हे, त्यातली विजेची आणि रेडिओची यंत्रं. काही दिवसांपूर्वी तो एका प्रशिक्षण विमानात नवं ऑडिओ पॅनल बसवत होता. मला म्हणाला, ‘‘मामू, तुम्ही रेडिओवर बोलता ना? चला, विमानातला रेडिओ दाखवतो.’’

मी गेलो. सेस्ना 172 जातीचं चार आसनांचं विमान हँगरमध्ये उभं होतं. वैमानिकापुढची फळी उघडलेली, तारांचे झुबके बाहेर लोंबणारे. भाच्याच्या हातात सव्वासहा इंच रुंद, दोन बोटं उंच असा एक डबा होता. दर्शनी बाजूला बटणांची रांग.

‘‘याला किती वेळ लागतो?’’ मी विचारलं.

‘‘डब्याला दहा मिनिटं. तारांना चार दिवस.’’

त्या चार दिवसांत मला जे कळलं, ते आज तुम्हाला सांगायचं आहे.

विमानाच्या इतिहासात आपण उडण्याबद्दल बोलतो. ऐकण्याबद्दल फारसं बोलत नाही. छोट्या विमानाच्या कॉकपिटमध्ये नव्वद डेसिबलच्या वर आवाज असतो. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागतं. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझं बालपण यंत्रमागाच्या खडखडाटात गेलं. अब्बा मागावर होते. कारखान्यात माणसं तोंडानं कमी आणि हातवाऱ्यांनी जास्त बोलायची.

सुरुवातीचे वैमानिकही तसेच. 1917 साली इंग्लंडमधल्या गॉस्पोर्ट इथं रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्यानं वैमानिकांना शिकवण्याची नवी पद्धत सुरू केली. तिथं शिक्षकाचा आवाज शिष्याच्या कानापर्यंत न्यायला एक नळी वापरत. इकडे तोंड, तिकडे कान. वीज नाही, तार नाही. ‘गॉस्पोर्ट ट्यूब’ म्हणून ती पुढं जगभर गेली. गंमत म्हणजे नळी एकमार्गी होती. गुरूनं बोलायचं, शिष्यानं ऐकायचं.

विमानातून जमिनीशी बिनतारी संपर्क त्याआधीच, 1910 साली, अमेरिकेत मॅकर्डी या वैमानिकानं साधला होता. पण तो मोर्सच्या टकटकीत. लहान विमानांत रेडिओ रुळायला पुढं बरीच वर्षं गेली. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईत जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या ‘पस मॉथ’ विमानात रेडिओ नव्हता. खाली किनारा, समोर होकायंत्र आणि कानात फक्त इंजिन. सगळा प्रवास कुणाचाही शब्द न ऐकता झाला.

मग रेडिओ आले आणि उलटी अडचण झाली. कानात शब्द फार झाले. एक रेडिओ कंट्रोल टॉवरसाठी, दुसरा पुढच्या विमानतळासाठी. दिशा दाखवणाऱ्या केंद्राचा संकेत मोर्समध्ये वाजतो. केंद्र बरोबर तेच आहे ना, हे वैमानिकानं त्यावरून ओळखायचं. उतरण्याच्या वाटेवर मार्कर नावाचे खुणेचे दिवे. बाहेरचा निळा आणि मंद सुराचा, मधला पिवळट आणि त्याहून चढ्या सुराचा. त्यात शेजारचा शिष्य काहीतरी विचारतो आणि मागचा प्रवासी म्हणतो, ‘‘ते खाली धरण का?’’ जुन्या लहान विमानांत यासाठी छताला एक स्पीकर आणि हातात धरायचा माइक असे. इंजिनच्या घरघरीत त्या स्पीकरमधून काय ऐकू येत असेल, याची कल्पना करा.

ऑडिओ पॅनल ही या गर्दीतली चावडी. सगळे आवाज आधी तिथं येतात. कोणता कानात सोडायचा, कोणता थोपवायचा, हे वैमानिक बटणानं ठरवतो. त्यातला एक नियम मला फार आवडला. एका वेळी ऐकायला अनेक रेडिओ चालतात. पण आपला आवाज पाठवायला एकच निवडावा लागतो. ऐकायला अनेक, बोलायला एक! सभा-संमेलनांना लावावा असा नियम आहे.

आता तारांचे चार दिवस. माइकचा प्रवाह इतका नाजूक असतो, की तारेला धातूच्या जाळीचं आवरण लागतं. नाहीतर विमानातल्या बाकीच्या विजेचा गोंगाट त्यात शिरतो. ही जाळी साधारणपणे एकाच टोकाला अर्थ करायची. दोन्ही टोकांना केली, तर तिच्यातूनच नको तो प्रवाह फिरू लागतो. हेडसेट खोचायच्या खोबणीचा विमानाच्या पत्र्याला स्पर्श होऊ नये म्हणून भाचा प्रत्येक खोबणीला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकच्या चकत्या बसवत होता. एक चकती विसरली, तर इंजिनचा वेग वाढेल तशी कानात किणकिण वाढत जाते. कविसंमेलनात लाउडस्पीकर ‘हूं’ करत राहतो आणि माईकवाला तारा हलवत बसतो, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. तिथं फार तर एक कविता वाया जाते.

हेडसेटच्या प्लगलाही वंशावळ आहे. कानाचा प्लग टेलिफोन एक्स्चेंजमधल्या 1878 च्या सुमाराच्या प्लगच्या घराण्यातला. माइकचा प्लग त्याहून थोडा बारीक. जुन्या कार्बन माइकला वीज पुरवावी लागे. कार्बन गेला, पण आजही विमानाच्या माइकला तशीच वीज पुरवली जाते. नव्या डब्याला जुन्या घराचे रिवाज पाळावे लागतात.

शेवटी भाच्यानं पॅनलची वीजच तोडली. मी दचकलो. तो हसला, ‘‘बघा, पहिला रेडिओ अजून ऐकू येतोय.’’ पॅनल मेलं, तरी वैमानिकाचा हेडसेट थेट पहिल्या रेडिओला जोडलेला राहतो. मरतानाही एक वाट उघडी ठेवायची, ही त्या यंत्राची नीती.

अर्थात यंत्राला मर्यादा आहेत. 27 मार्च 1977 रोजी तेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमानं धावपट्टीवर आदळली. 583 माणसं गेली. केएलएमच्या वैमानिकाला टॉवर सांगत होता, ‘उड्डाणासाठी थांबा.’ त्याच क्षणी पॅन ॲमचं विमान सांगत होतं, ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत.’ दोन्ही वाक्यं जीव वाचवणारी होती. पण ती एकाच लहरीवर एकमेकांवर पडली आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये पोहोचली ती मुख्यतः एक कर्कश शिट्टी. तिथं कोणतंही पॅनल काही करू शकलं नसतं. त्यानंतर बोलण्याचे नियम बदलले. ‘टेकऑफ’ हा शब्द परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा, एरवी नाही, असं ठरलं.

आवाजाशी झुंज पुढंही चालू राहिली. बंगाली वडिलांच्या अमर बोस यांनी 1978 मधल्या एका विमानप्रवासात गोंगाटाला उलट लहरीनं मारण्याचं गणित मांडलं आणि 1989 साली त्यांच्या कंपनीचा तसा हेडसेट वैमानिकांसाठी बाजारात आला.

काम संपल्यावर भाच्यानं मला हेडसेट दिला आणि इंजिन सुरू झालं. कारखान्यासारखाच खडखडाट. मी हेडसेट कानावर चढवला आणि तो दूर गेला. ‘‘मामू, ऐकू येतंय?’’ शेजारून, हलक्या आवाजात. एकेक अक्षर सुटं.

मला अब्बा आठवले. तीस वर्षं मागावर काढल्यावर त्यांचे कान गेले. अशा बहिरेपणात चढे सूर आधी जातात. म्हणजे ‘स’, ‘श’, ‘च’ अशी व्यंजनं. माझी कविता त्यांना नुसती गुणगुण ऐकू यायची. ते मान डोलवायचे, माझ्या समाधानासाठी.

विमान आणि मागाचा आवाज जवळपास सारखाच. पण वैमानिकानं एक शब्द चुकीचा ऐकला, तर त्याच दिवशी बातमी होते, चौकशी बसते, नियम बदलतात. विणकराचा कान तीस वर्षांत थोडा थोडा जातो. त्याची बातमी होत नाही. कान झाकण्याची साधी साधनं जगात केव्हापासून होती. अब्बांच्या कारखान्यात मी ती एकदाही पाहिली नाही.

भाच्यानं पुन्हा विचारलं, ‘‘येतंय ना ऐकू?’’

मी म्हणालो, ‘‘येतंय, बाळा. सगळं येतंय.’’

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)