समुद्र अळणी झाला तेव्हा

कोकणच्या किनाऱ्यावर ज्याचे बालपण गेले त्याच्या जिभेला समुद्राच्या पाण्याची एक ठरावीक चव कायमची चिकटून राहिलेली असते. बदलीच्या हुकमाने आम्ही कोलकात्यास आलो आणि पहिल्याच वर्षी पूजेच्या सुटीत कचेरीतील मंडळींबरोबर दीघ्याच्या किनाऱ्यावर गेलो. लाटेबरोबर तोंडात गेलेले पाणी आम्हांस काहीसे चमत्कारिक लागले. ते खारट होते, पण घरचे नव्हते. मीठ घालताना कोणी हात आखडता घ्यावा, तशी त्याची चव होती. सोबतच्या बंगाली गृहस्थांनी हसून सांगितले, की यात नवल ते काय? गंगा, ब्रह्मपुत्रा आणि त्यांच्या असंख्य शाखा आपले पावसाळी पाणी याच समुद्रात आणून ओततात. खुलासा पटण्यासारखा होता. परंतु समुद्र असा कमी-अधिक खारट झाल्याने कोणाचे काही बिघडते काय, हा प्रश्न आमच्या मनातून जाईना.

या प्रश्नाचा मागोवा घेता घेता आम्ही बंगालच्या उपसागरापासून फार दूर, उत्तर अटलांटिकमधील आइसलँड बेटापाशी जाऊन पोहोचलो. समुद्रातील मीठ उणे झाले आणि त्याबरोबर एका देशाचे ऋतू पालटले, याची सर्वांत तपशीलवार लिहिलेली हकीगत तेथलीच आहे. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. सरकारी दप्तरात नोंदी करणारे कारकून आहोत. तथापि ही हकीगत सांगण्याचा थोडा अधिकार आम्हांसही पोहोचतो असे आम्हांस वाटते. तो कसा, हे पुढे दिसून येईल.

प्रथम या व्यवहारात मिठाचे काम काय ते पाहू. समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. गोडे पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते आणि त्याहून थंड झाले की पुन्हा हलके होते. समुद्राच्या खाऱ्या पाण्याचे तसे नाही. ते गोठण्याच्या क्षणापर्यंत जड होत जाते. उत्तरेकडील समुद्रांत हिवाळ्याचे वारे पृष्ठभागाची ऊब काढून घेतात, तेव्हा वरचे पाणी जड होऊन खोल बुडते आणि खालचे त्यामानाने उबदार पाणी वर येते. ही उलाढाल हिवाळाभर चालू असते आणि तिच्यामुळे समुद्र आपल्या पोटातली ऊब हवेस देत राहतो. परंतु पाणी अतिशय थंड असले, म्हणजे त्याचा जडपणा तपमानापेक्षा मिठावरच अधिक अवलंबून असतो. अशा ठिकाणी अळणी पाण्याचा थर वर येऊन बसला, तर तो कितीही गारठला तरी बुडत नाही. दुधावर साय धरावी तसा तो वरच राहतो, आणि शेवटी गोठतो. खाली ऊब असते, पण वर झाकण बसलेले असते.

हे मीठ मोजण्याची विद्या फार जुनी नाही. ‘चॅलेंजर’ या इंग्रजी जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगाच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने आणले. त्यांतील ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला, की पाणी कोठलेही असो, त्यातील प्रमुख क्षारांचे परस्परप्रमाण जवळजवळ एकच असते. म्हणजे एक क्लोरीन मोजले की सर्व क्षारांचा हिशेब लागतो. डेन्मार्कच्या मार्टिन क्नुडसेन याने १९०१ मध्ये त्यासाठी कोष्टके तयार केली. पुढे प्रमाणित समुद्रजल काचेच्या नळ्यांत बंद करून कोपनहेगनहून देशोदेशींच्या प्रयोगशाळांस जाऊ लागले. सरकारी शिक्क्याचे माप बाजारात आले, म्हणजे सर्वांचा शेर सारखा होतो. त्याचप्रमाणे आता नॉर्वेत मोजलेली क्षारता स्कॉटलंडात मोजलेल्या क्षारतेशी ताडून पाहता येऊ लागली.

दुसऱ्या महायुद्धानंतर या कामाला एक अनपेक्षित मदत मिळाली. अटलांटिकवरून जाणाऱ्या विमानांस हवामानाची वर्दी देण्यासाठी १९४६ मध्ये समुद्रात १३ ठाणी ठरविण्यात आली आणि तेथे पाळीपाळीने जहाजे उभी राहू लागली. बिनतारी संदेशाच्या वर्णमालेवरून ठाण्यांना नावे पडली. त्यांतल्या एकाचे नाव चक्क ‘इंडिया’ होते! ते आइसलँडच्या दक्षिणेस होते. आपल्या देशाशी त्याचा संबंध नावापुरताही नव्हता. ग्रीनलंड आणि लाब्राडोर यांच्या मधोमध ‘ब्राव्हो’ होते, नॉर्वेच्या समुद्रात ‘माइक’ होते. वादळात हेलकावे खात, एकाच जागी आठवडेच्या आठवडे काढणारे हे लोक अवांतर काम म्हणून समुद्रात बाटल्या सोडीत, निरनिराळ्या खोलीवरचे पाणी काढीत, आणि त्याचे तपमान व क्षारता वहीत टिपून ठेवीत. त्या आकड्यांचा पुढे काय उपयोग होईल, हे त्या वेळी कोणासही ठाऊक नव्हते.

आता आइसलँडकडे वळू. त्या देशाच्या नावातच बर्फ आहे. तेथील वसाहतीची जी जुनी बखर आहे, तिच्यात सांगितले आहे की फ्लोकी नावाच्या दर्यावर्दीने डोंगरावर चढून पाहिले, तो समुद्राची एक खाडी बर्फाने भरलेली दिसली. म्हणून त्याने देशास हे नाव दिले. ग्रीनलंडकडून वाहत येणारे हे बर्फ म्हणजे तेथील शेतकऱ्याचा पिढीजात वैरी. ते किनाऱ्याला लागले की उन्हाळा थंड, गवत खुरटे, मेंढरे उपाशी. थोरवाल्दूर थोरोडसेन या पंडिताने विसाव्या शतकाच्या आरंभी हजार वर्षांच्या सुकाळ-दुष्काळांची जंत्री जुन्या कागदपत्रांतून सिद्ध केली, तीत या बर्फाची आठवण पानोपानी येते. परंतु १९२० नंतर काळ पालटला, हवा उबदार झाली, बर्फ दुर्मिळ झाले. एक पिढी त्याच्या केवळ गोष्टी ऐकत वाढली.

१९६५ मध्ये बर्फ परत आले आणि १९७१ पर्यंत थोड्याफार फरकाने येतच राहिले. १९६८ च्या वसंतात तर ते उत्तर आणि पूर्व किनारा व्यापून दक्षिणेकडे वळले. उत्तरेकडील बंदरे अडली. कुरणांतील गवत मुळासकट मेले. १९६९ च्या जानेवारीत ग्रीम्सेय या चिमुकल्या बेटावर हिमअस्वल येऊन ठेपले. त्याच सुमारास हेरिंग मासा दिसेनासा झाला. सिग्लुफ्योर्दुरसारखी गावे ज्या माशावर उभी होती, तो माशांचा थवा पाहता पाहता नष्ट झाला. देशाला आपल्या चलनाचे मूल्य १९६७ आणि १९६८ असे लागोपाठ दोन वर्षे उतरवावे लागले. हेरिंगच्या नाशाचा दोष केवळ समुद्राच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. बेसुमार मासेमारीचा वाटा त्यात मोठा होता. पण थंडावलेल्या समुद्राने उरलेसुरले संपविण्यास हातभार लावला, यात शंका नाही.

हे घडले कशाने? त्या दशकात ग्रीनलंडवर हवेचा जास्त दाब हिवाळ्यामागून हिवाळे ठाण मांडून बसला. त्यामुळे उत्तरेचे वारे जोराने वाहिले आणि ध्रुवसागरातील बर्फ व अळणी पाणी नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात दक्षिणेस आले. स्वेन-ओगे माल्मबर्ग या आइसलँडच्या समुद्रशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की बेटाच्या उत्तरेकडील वरच्या पाण्याची क्षारता दर हजारी ३४.७ च्या खाली गेली की ते पाणी गोठेपर्यंत गारठले तरी बुडत नाही. म्हणजे झाकण बसते. आलेले बर्फ टिकते, नवे तयार होते.

येथेच गोष्ट संपली असती, तर ती एका बेटाची गोष्ट झाली असती. पण ते अळणी पाणी पुढे चालू लागले. १९६८ ते १९७१ या काळात ‘ब्राव्हो’ ठाण्यावरील वह्यांत नोंद झाली, की लाब्राडोरच्या समुद्रात हिवाळ्यातील पाण्याचे खोल बुडणे बंद पडले आहे. १९७२ च्या कडक हिवाळ्यात ते पुन्हा सुरू झाले. १९७५-७६ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिमेस पाणी अळणी आढळले. १९७७-७८ मध्ये नॉर्वेच्या समुद्रात तेच दिसले, त्यानंतर बॅरेंट्स समुद्रात, आणि १९८१-८२ मध्ये निघाले तेथेच, ग्रीनलंडच्या समुद्रात, ते फिरून आले. वाटेत त्याचा वेग सेकंदास सुमारे तीन सेंटिमीटर होता, म्हणजे दिवसास अडीच किलोमीटरांच्या आसपास. बैलगाडीनेही मागे टाकावे अशा चालीने ते पाणी तेरा-चौदा वर्षे प्रदक्षिणा घालीत होते.

आमच्यासारख्या कारकुनाचे मन ज्यावर खिळून राहते, ती गोष्ट पुढेच आहे. या प्रत्येक देशाने आपापल्या वहीत आपापला आकडा बिनचूक लिहिला होता. आइसलँडला वाटले, हे आपल्या किनाऱ्याचे संकट. कॅनडाला वाटले, हे आपल्या समुद्राचे वैचित्र्य. स्कॉटलंडास आणखी तिसरेच काही वाटले. कागद सर्वांजवळ होते, फाईल कोणाजवळच नव्हती. इंग्लंडचे डिक्सन व ली, जर्मनीचे माइंके आणि आइसलँडचे माल्मबर्ग या चौघांनी हे विखुरलेले कागद एकत्र लावले आणि १९८८ मध्ये प्रथमच दाखवून दिले, की हे निरनिराळे प्रकार नसून एकाच पाण्याचा प्रवास आहे. त्यांच्या हिशेबाने त्या समुद्रात एकंदर ७२ अब्ज टन मीठ उणे झाले होते. म्हणजेच सुमारे २००० घन किलोमीटर गोडे पाणी जादा आले होते. गंगा-ब्रह्मपुत्रांचे जवळजवळ दोन वर्षांचे पाणी म्हटले, तर त्याची कल्पना येईल. या घटनेस त्यांनी क्षारतेची महाविकृती अशा अर्थाचे नाव दिले, आणि ते रूढ झाले.

मीठ उणे होण्याचा परिणाम इतका दीर्घकाळ का टिकावा? याचे उत्तर आम्हांस फार मार्मिक वाटते. समुद्राचा पृष्ठभाग थंड वा उष्ण झाला, तर हवा त्याच्याशी देवघेव करून तो फरक हळूहळू मिटवून टाकते. मिठाची देवघेव हवेशी होत नाही. पाणी अळणी झाले, तर ते इतर पाण्यात मिसळेपर्यंत अळणीच राहते. वारा आपण काय केले ते आठवड्यात विसरतो. समुद्र ते वर्षानुवर्षे जपून ठेवतो आणि दूरच्या किनाऱ्यावर नेऊन सांगतो.

हेन्री स्टोमेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ मध्येच, दोन पेट्यांतील पाण्याचे साधे गणित मांडून सुचविले होते, की मीठ आणि उष्णता यांच्या ओढाताणीत समुद्राचे अभिसरण एका स्थिर अवस्थेतून अगदी निराळ्या स्थिर अवस्थेत जाऊ शकते. तो निबंध सुमारे वीस वर्षे दुर्लक्षित राहिला. पुढे वॉलेस ब्रोकर आदींनी प्राचीन काळाकडे पाहिले, तेव्हा त्या गणिताला अर्थ आला. सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी, हिमयुग ओसरत असताना, युरोपवर पुन्हा हजार-बाराशे वर्षांची थंडी कोसळली. उत्तर अमेरिकेतील वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी अटलांटिकमध्ये गेल्याने ते घडले, असे पुष्कळ संशोधकांचे मत आहे. ते पाणी नेमके कोणत्या वाटेने गेले याविषयी वाद आहे. आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे हे, की त्या थंड शतकांत आपला मोसमी पाऊसही दुबळा होता, अशी साक्ष अरबी समुद्राच्या तळाचा गाळ देतो.

२०१२ ते २०१६ या वर्षांत उत्तर अटलांटिकचा पूर्वभाग पुन्हा अळणी झाला. तेथील १२० वर्षांच्या नोंदींत एवढी घट झाली नव्हती. हे छातीठोकपणे म्हणता आले, कारण १२० वर्षांच्या नोंदी होत्या. मात्र हवामान-नौका आता उरल्या नाहीत. ‘ब्राव्हो’ १९७४ मध्ये बंद झाले, ‘माइक’ २००९ अखेर उठले. त्यांची जागा उपग्रहांनी आणि समुद्रात आपोआप खालीवर होणाऱ्या तरंगयंत्रांनी घेतली आहे. यंत्रे उत्तम आहेत. परंतु त्यांच्या वहीची पाने अद्याप थोडी आहेत, आणि तेरा-चौदा वर्षांची प्रदक्षिणा पाहावयास तेरा-चौदा वर्षे वही उघडी ठेवावी लागते.

आता दीघ्याच्या पाण्याचे काय? गोव्यातील दोनापावल येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील शेणॉय, शंकर आणि शेट्ये या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांच्या उष्णतेचा जमाखर्च मांडून दाखविला. उपसागरावर नद्यांच्या आणि पावसाच्या पाण्याचा जो अळणी थर बसतो, त्यामुळे वाऱ्याला वरचे-खालचे पाणी घुसळता येत नाही. झाकण येथेही आहे. पण आइसलँडला झाकणाखाली ऊब कोंडते, तर येथे झाकणाखाली गारवा कोंडतो. म्हणून तेथे बर्फ होते, आणि येथे पृष्ठभाग ऊनच राहून पावसाच्या ढगांना बळ मिळते. त्या ढगांच्या पावसाचे पाणी नद्यांतून पुन्हा उपसागरात येते आणि झाकण कायम राखते.

तेव्हा पूजेच्या सुटीत आमच्या तोंडाला जे पाणी अळणी लागले, ते केवळ चवीपुरते अळणी नव्हते; त्याच्या अळणीपणात पुढच्या पावसाचाही काही भाग साठलेला होता. सोमवारी आम्ही कचेरीत परतलो आणि नेहमीची नोंदवही उघडली. त्या दिवशी आकडे लिहिताना आमचा हात अधिक जपून चालला, एवढे मात्र खरे.