कोड रिव्ह्यू

कोड रिव्ह्यू : एका प्रोग्रॅमरने लिहिलेला कोड मूळ प्रकल्पात सामील होण्यापूर्वी सहकाऱ्याने तो वाचून तपासण्याची पद्धत. चुका पकडणे हा तिचा उघड हेतू. मात्र एकाला ठाऊक असलेले गटातल्या इतरांपर्यंत पोहोचवण्याचे काम ती त्याहून अधिक करते, आणि तिचे खरे मोल तिथेच आहे.

जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ मध्ये ‘द सायकॉलॉजी ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथात, प्रोग्रॅम ही लिहिणाऱ्याची खासगी मालमत्ता मानू नये, तो सहकाऱ्यांना मोकळेपणाने वाचायला द्यावा, असा आग्रह धरला. १९७६ मध्ये आयबीएमचे मायकेल फॅगन यांनी तपासणीला शिस्त लावून दिली. बैठकीत संचालक, आराखडा करणारा, कोड लिहिणारा आणि चाचणी घेणारा असे चौघे बसत. सर्वांनी आधी वाचून यायचे, बैठक दोन तासांपेक्षा लांबवायची नाही आणि तिथे दोष फक्त नोंदवायचे, दुरुस्ती नंतर. ही रीत परिणामकारक होती, पण वेळखाऊ.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे लिनस टॉरव्हाल्ड्स यांचे गिट २००५ मध्ये आणि त्यावर उभे राहिलेले गिटहब हे संकेतस्थळ २००८ मध्ये आले. ‘पुल रिक्वेस्ट’ची (पीआर, म्हणजे बदल सामील करून घेण्याच्या विनंतीची) पद्धत रूढ झाली, तशी बैठकीची गरज उरली नाही. लिहिणारा बदल मांडतो (‘पीआर टाकतो’) आणि तो का केला हेही लिहितो. तपासणारा सवडीने ओळीओळीवर कमेंट करतो. शंका मिटल्या की बदल ‘अप्रूव्ह’ आणि मग ‘मर्ज’ होतो, म्हणजे मूळ कोडात मिसळतो. हा संवाद नोंदीत राहतो. अमुक ओळ अशी का लिहिली, हे पुढे काही वर्षांनी आलेल्या माणसालाही त्यात सापडते. पुणे आणि अमेरिकेत विभागलेल्या गटांना याचा विशेष उपयोग होतो, कारण एकाचा दिवस संपताना दुसऱ्याचा सुरू होत असतो.

अल्बर्टो बाक्केल्ली आणि ख्रिश्चन बर्ड यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. रिव्ह्यूकडून लोकांची मुख्य अपेक्षा दोष शोधण्याची होती. प्रत्यक्षात दोष अपेक्षेपेक्षा कमी सापडत, आणि ज्ञानाची देवाणघेवाण, बदलांची जाणीव, पर्यायी उपाय हे लाभ ठळक दिसले. डॅनिश संगणकशास्त्रज्ञ पेटर नाउर यांनी १९८५ मध्ये मांडले होते की प्रोग्रॅमची खरी समज तो रचणाऱ्यांच्या डोक्यात असते, कागदपत्रांत ती पूर्ण उतरत नाही. तेव्हा ती एकाच डोक्यात अडकू न देणे महत्त्वाचे.

मर्यादाही मोठ्या आहेत. समोरून आलेल्या संदेशात सांगितलेली लांबी खरी आहे का, हे न पडताळणारा कोड २०११ च्या अखेरीस इंटरनेटवरील संवाद कूटबद्ध करणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या सॉफ्टवेअरमध्ये रिव्ह्यूतून पार होऊन शिरला. ‘हार्टब्लीड’ नावाने तो दोष एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला. पीआर अवाढव्य असला की तपासणारा वरवर नजर फिरवून संमती देतो. म्हणून बदल लहान ठेवावेत. जिथे तपासणीचे काम फक्त ज्येष्ठांकडे असते, तिथे ही पद्धत अर्धीच वापरली जाते. नवख्यांनाही ज्येष्ठांचा कोड तपासायला दिला पाहिजे.