गॅल्व्हेस्टनची उचललेली घरे

८ सप्टेंबर १९०० रोजी टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन बेटावर तुफानाने समुद्र चढविला. पाणी १५ फुटांवर आले, आणि शहरातली सर्वांत उंच जागा ९ फुटांचीही नव्हती! निदान ६,००० माणसे बुडाली. पुढे १७ फुटी तटभिंत उठली, तिचे कौतुक सर्वांना ठाऊक आहे. आम्हांला तिच्यामागची रोजची जिणी अधिक बोलकी वाटतात. सुमारे २,००० इमारती जॅक लावून उचलल्या, आणि खाली नळांतून वाळूचा रबडा सोडला. कित्येक वर्षे बायामुले फळ्यांच्या उंच वाटांवरूनच बाजारहाट, शाळा करीत. भरावाचा खर्च सरकारी. घर उचलण्याचा मात्र घरवाल्याच्या पदरचा. गोदीत कापसाच्या गासड्या रेटणाऱ्याने तो कोठून आणावा? १९१५ साली पुन्हा तुफान आले. शहर या खेपेस तगले.