मानमोडीच्या बेनाम कबरी

पहिले महायुद्ध आम्ही शाळेत शिकलो. मानमोडी शिकलो नाही. 1918 च्या इन्फ्लुएन्झाला मराठी मुलखाने दिलेले हे नाव. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातही त्या साथीच्या खुणा शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. कच्च्या कबरी चार पावसाळ्यांत जमिनीला मिळतात.

जून 1918 मध्ये साथ मुंबईत आली. पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरपासूनची दुसरी जीवघेणी ठरली. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे मुंबई-नागपूर लोहमार्गावरची. खामगावला तर कापसासाठी 1870 पासून रेल्वेचा फाटा. वऱ्हाडचा कापूस ज्या वाटेने मुंबईला जाई, त्याच वाटेने आजार आत शिरला. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते. अर्धपोटी माणसांना ताप आला, तापाचा न्यूमोनिया झाला. अनेक सरकारी डॉक्टर युद्धावर गेलेले; प्रतिजैविके तर जगातच नव्हती. माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडला तोच मुळी 1933 साली.

मध्यप्रांत व वऱ्हाड हा देशातल्या सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी एक. सरकारी नोंदीत यातले बरेच मृत्यू नुसते 'ताप' म्हणून लिहिले गेले. देशभरात सव्वा ते दोन कोटी माणसे गेली, असे अभ्यासकांचे अंदाज आहेत. आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या 1911 मध्ये 25.21 कोटी होती. 1921 मध्ये ती 25.13 कोटींवर आली.

या आकड्यांच्या पोटात आणखी एक गोष्ट दडली आहे. भारतात या साथीत पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक मेल्या, त्याही ऐन विशी ते चाळिशीतल्या. घरातल्या आजाऱ्याच्या उशाशी कोण बसत होते आणि सर्वांत शेवटी कोण जेवत होते, हे आठवले की कारण शोधायला दूर जावे लागत नाही. आपल्यात बाईच्या मय्यतीला गुस्लही बायाच देतात. म्हणजे शुश्रूषा त्यांची आणि शेवटची आंघोळही त्यांच्याच हातची.

जनाजाची नमाज फर्ज-ए-किफाया आहे. काहींनी अदा केली की सर्वांची जबाबदारी फिटते. आठवणीचे तसे नाही. आमच्या शजऱ्यांत बहुधा पुरुषांचीच नावे असतात. कुणाच्या घराण्यात 1918 च्या सुमारास दुसरा निकाह केलेले पणजोबा असतील, तर पहिली पणजी कशाने गेली आणि तिचे नाव काय होते, एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. सांगणारी माणसे आता थोडीच उरली आहेत.