कवडीमोल

आमच्या भाच्यानं लग्नानंतर मालदीवला जायचं ठरवलं, तेव्हा घरात कुणी विरोध केला नाही. आमच्या वेळी लग्नानंतर माणसं कुलदैवताला जात, आणि फारच पुढारलेली असली तर महाबळेश्वरला. तिथंही सोबतीला एखादी आत्या असे. आता काळ बदलला आहे. आत्या घरी राहते आणि फोटो फोनवर बघते.

आठ दिवसांनी भाचा परतला तो काळवंडून. उन्हामुळं असेल असं आम्ही धरून चाललो. खर्चाचा आकडा नंतर कळला. "मामा, तिथं रिसॉर्टवर सगळा हिशेब डॉलरमध्ये. पाण्याची बाटलीसुद्धा डॉलरमध्ये!" चारी बाजूंना पाणी असलेल्या देशात पाणीच विकत घ्यावं लागलं, याचं त्याला जास्त दुःख होतं. भाचा बँकेत आहे. पैसे दुसऱ्याचे असले की तो शांत असतो.

मला त्यानं आठवण म्हणून तिथलं एक नाणं आणलं. दोन रुफियांचं. 'रुफिया' म्हणजे आपला रुपयाच, समुद्राच्या हवेनं जरा सैल झालेला. नाण्यावर एक झोकदार शंख. आमची माई पंच्याऐंशीच्या घरात आहे. तिनं नाणं हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवून न्याहाळलं आणि म्हणाली, "समुद्रावर गेलाच होतास, तर मूठभर कवड्या आणायच्यास. माझ्या पटाच्या सातातली एक हरवलीय."

"आजी, कवड्यांना कोण विचारतं?" भाचा म्हणाला.

"कुणी विचारत नाही म्हणूनच आणायच्या. स्वस्तात पडल्या असत्या."

भाचा हसला. मीही हसलो. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या लक्षात आलं, की एका बँकवाल्यानं मालदीवच्या कवडीला हसावं, ही जरा अतीच गोष्ट झाली.

आपण मराठी माणसांनी तर कवडीची अब्रू पार घालवली आहे. ज्याला किंमत नाही ते कवडीमोल. ज्याच्याकडे काही नाही त्याच्याकडे फुटकी कवडी नाही. आमचे एक काका कवडीचुंबक म्हणून साऱ्या वाड्यात प्रसिद्ध होते. ते बसच्या तिकिटाच्या पाठीवर दिवसाचा हिशेब लिहीत, आणि त्यात पहिली नोंद त्याच तिकिटाची असे. पण या सगळ्या शब्दांकडे जरा निरखून बघा. ज्या वस्तूला कधीच किंमत नव्हती, तिच्यावरून कोणी चिक्कूपणा मोजत नाही. 'खडाचुंबक' असा शब्द ऐकलाय का कधी? कवडी होती, कारण कवडी चालत होती.

आणि चांगली चालत होती. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० सालची. चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या नातवाच्या काळचा शिलालेख आहे, तेव्हा त्यांना आपल्याकडचे म्हणायला हरकत नाही. 'लीलावती' उघडली की सुरुवातीलाच पैशाचं कोष्टक येतं: वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. हे वराटक म्हणजेच कवडी. म्हणजे एका द्रम्माला बाराशे ऐंशी कवड्या. शाळेत गणितात मला जे गुण पडत, त्याला मास्तर 'कवडीमोल' म्हणत. भास्कराचार्य तसं म्हणाले नसते.

आता प्रश्न असा, की एवढ्या कवड्या यायच्या कुठून? किनारा तर आपल्यालाही आहे. पण पैसा म्हणून चालायला कवडी कशीही चालत नाही. लहान, पिवळसर पांढरी, गुळगुळीत आणि एकसारखी हवी. शास्त्रज्ञांनी या जातीचं नावच 'मोनेटा' ठेवलं आहे, म्हणजे पैसेवाली. ही पैसेवाली अमाप सापडे ती मालदीवच्या उथळ पाण्यात. भारतात चालणाऱ्या कवडीचा मोठा पुरवठा या चिमुकल्या बेटांतून होई. आजचा देश म्हणजे सुमारे बाराशे बेटं, त्यांतल्या जेमतेम दोनशेंवर वस्ती. पण शेकडो वर्षं तिथं जगातली सगळ्यात मोठी टांकसाळ होती, आणि ती समुद्राच्या तळाशी होती.

ही टांकसाळ चाले कशी, याचं वर्णन दहाव्या शतकातला अरब लेखक अल्-मसूदी करतो. बेटांवर राणीचं राज्य. खजिना कमी झाला की राणी हुकूम सोडी: नारळाच्या झावळ्या तोडा आणि पाण्यावर टाका. कवडीतले जीव झावळ्यांना येऊन चिकटत. मग त्या वाळूत पसरायच्या. उन्हानं आतला जीव नाहीसा होई आणि रिकाम्या कवड्या खजिन्यात जमा होत. आपल्या सगळ्या अर्थमंत्र्यांना हे वाचून दाखवावंसं वाटतं. तूट आली, झावळ्या टाका! ना कर, ना कर्ज, ना रात्रभर चालणारी चर्चा.

१३४३ साली इब्न बतूता तिथं पोचला. हा मोरोक्कोचा गृहस्थ जिथं जाई तिथं एक तर नोकरी मिळवी नाही तर लग्न करी. मालदीवात त्यानं दोन्ही केलं. काझी झाला आणि लग्नं तर एकाहून अधिक केली. तेव्हाही गादीवर खदीजा नावाची राणीच होती. बतूतानं कवडीचा भाव लिहून ठेवला आहे: एका सोन्याच्या दिनाराला चार लाख कवड्या, आणि स्वस्ताई असली की याहूनही जास्त. बेटांवर तांदूळ पिकत नाही. म्हणून बंगालचे व्यापारी तांदूळ आणीत आणि कवड्या नेत. येमेनचे खलाशी तर जहाज स्थिर राहावं म्हणून तळाशी वाळूऐवजी कवड्याच भरीत. वाळूच्या जागी पैसा!

पण खरी गंमत पुढं आहे. हाच बतूता काही वर्षांनी आफ्रिकेत, सहारा वाळवंटापलीकडच्या माली राज्यात गेला. बाजारात बघतो तो तीच कवडी. भाव? एका दिनाराला अकराशे पन्नास. चार लाखांची वस्तू अकराशे पन्नासाला! म्हणजे कवडीची किंमत साडेतीनशे पटींनी जवळ वाढली होती, आणि कवडीनं स्वतः काहीच केलं नव्हतं, फक्त प्रवास केला होता. पैशाची किंमत त्याच्या गावी नसते. माणसाचंही तसंच आहे म्हणतात. पण आमच्या भाच्याच्या बाबतीत प्रवासानं उलटाच परिणाम झाला.

मालदीवच्या पैशाचा दुसरा मोठा साक्षीदार फ्रान्सवा पिरार हा फ्रेंच माणूस. १६०२ साली त्याचं जहाज तिथल्या खडकांवर फुटलं आणि १६०७ पर्यंत तो बेटांवरच अडकला. (पुढं तो गोव्याला आला आणि तिथल्या इस्पितळात पडून त्याची तारीफ करून गेला, पण ती गोष्ट वेगळी.) तो लिहितो, की कवड्या वेचायच्या त्या महिन्यातून दोनदाच, अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आगंमागं तीन-तीन दिवस. वेचणाऱ्या सगळ्या बायका, कमरेएवढ्या पाण्यात उभ्या. नारळाच्या झावळीच्या करंड्यांत बारा-बारा हजार कवड्या भरत, आणि व्यापारी ती करंडी न उघडता, न मोजता, थैलीसारखी एकमेकांना देत. ज्याला मोजायची असेल त्यानं मोजावी. मोजणारे इतके तयार, की बघता बघता अख्खी करंडी मोजून होई. नुसत्या कवड्यांनी भरलेली तीस-तीस चाळीस-चाळीस जहाजं बंगालकडं जाताना त्यानं पाहिली.

बारा हजार कवड्यांची करंडी म्हणजे एक लारी. लारी हे चांदीचं नाणं, पण गोल नव्हे. चांदीची तार घ्यायची, मधोमध दुमडायची, वर ठसा मारायचा. दिसायला थेट बायकांच्या केसांतल्या आकड्यासारखं. इराणातल्या लार गावावरून हे नाव पडलं आणि नाणं साऱ्या अरबी समुद्रावर पसरलं. आपल्या कोकणच्या बंदरांतही लारी चाले. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहानं तर स्वतःच्या नावाच्या लाऱ्या पाडल्या. मालदीवच्या राजानंही पाडल्या. मोड हवी असली की लारीचा तुकडा कापून वजनावर द्यायचा. कंडक्टर आणि सुटे पैसे हा विषय ज्यांच्या वाट्याला आला आहे, त्यांनी या सोयीचा विचार करावा. एक कात्री ठेवली की भांडण मिटलं.

लारी अजून जिवंत आहे. मालदीवनं १९४७ साली रुफियाच्या नोटा काढल्या, १९६५ साली देश स्वतंत्र झाला, आणि आजही शंभर लारींचा एक रुफिया होतो. फक्त लारी आता चारचौघींसारखी गोल झाली आहे.

इकडं बंगालमध्ये कवडीचा संसार किती मोठा होता, ते एका इंग्रज कलेक्टरला विचारावं. १७७८ साली रॉबर्ट लिंडसे सिल्हेटला रुजू झाला. जिल्ह्याचा महसूल सुमारे अडीच लाख रुपये, आणि तो सगळा कवड्यांत! चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचं काहन आणि चार काहनांचा रुपया. गुणाकार करून बघा, एका रुपयाला ५,१२० कवड्या येतात. अडीच लाखांच्या मी केल्या. १२८ कोटी आल्या. वजन हजार टनांच्या वर. साठवायला गोदामं हवीत, ढाक्याला न्यायला होड्यांचा ताफा हवा. आमच्या भाच्याला कॅश मोजायच्या यंत्राची तक्रार असते. त्याला एक महिना सिल्हेटला पाठवावं.

इथपर्यंत मी मोठ्या खुशीत होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माईला आणि भाच्याला बसवून ही सगळी कथा रंगवून सांगितली. माई पटाच्या सहा कवड्या तळहातावर खुळखुळवत ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, "आणि बंगालात पोचल्यावर पुढं?"

पुढचं सांगायचं माझ्या मनात नव्हतं. पण माई गोष्ट अर्धी सोडू देत नाही.

पुढचं असं. डच आणि इंग्रज कंपन्यांच्या लक्षात आलं, की ही वस्तू पश्चिम आफ्रिकेत पैसा म्हणून चालते. त्यांनी कवड्या जहाजांच्या तळाशी भरून ॲमस्टरडॅमला आणि लंडनला नेल्या. तिथं लिलाव होत. घेणारे होते गुलामांचे व्यापारी. तिथून त्याच कवड्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आज बेनिन देशात असलेल्या ओईदासारख्या बंदरांवर उतरत, आणि माणसांच्या किमतीचा एक भाग म्हणून मोजून दिल्या जात. माणसं जहाजात भरली जात, कवड्या किनाऱ्यावर राहत. १७०० ते १७९० या नव्वद वर्षांत या दोन देशांनी सुमारे एक हजार कोटी कवड्या अशा नेल्या, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. पौर्णिमेच्या भरती-ओहोटीत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिलेली एखादी मालदीवी बाई चार शेर तांदळासाठी कवड्या वेचत होती. आपण काय वेचतो आहोत, हे तिला कधीच कळलं नसणार.

आपण सहज बोलून जातो, माणसाचा जीव कवडीमोल झालाय म्हणून. तो एकदा खरोखरच झाला होता. मोजून.

ब्रिटननं १८०७ साली गुलामांचा व्यापार बंद केला. पुढं कवड्यांवर पामतेल विकत घेऊ लागले. मग १८४० नंतर जर्मन व्यापाऱ्यांनी झांजीबारकडची जरा मोठी, जाडी कवडी स्वस्तात आणून ओतली आणि कवडीचा भाव कोसळला तो कायमचा. ज्यांनी घरात कवड्यांचे ढीग साठवले होते, त्यांच्या हाती खरोखर कवड्याच राहिल्या. आता तिथं एक नाव तेवढं उरलं आहे: घानाच्या चलनाला 'सेडी' म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थ कवडी.

मी थांबलो. भाचा बँकवाल्याच्या सवयीनं काही तरी आकडेमोड करत होता, ती त्यानं सोडून दिली. माईनं तळहातावरच्या सहा कवड्यांकडं पाहिलं. तिच्या सासूच्या सासूपासून आलेल्या. कदाचित त्यांतली एखादी मालदीवच्याच वाळूतून निघालेली असेल.

"कवडीचं काय चुकलं त्यात?" ती म्हणाली. "तिला बिचारीला उताणं किंवा पालथं, एवढंच पडता येतं. मोजणारे आपण."

मग तिनं पट पसरला. सात कवड्यांचा खेळ सहांवर चालेना. भाच्यानं फोनवर कवड्या मागवायला काढल्या; एका डझनाचा भाव बघून तो पुन्हा थोडा काळवंडला. तेवढ्यात माईनं माझ्या हातातलं दोन रुफियांचं नाणं काढून घेतलं, कवड्यांत मिसळलं आणि झोकात फेकलं.

"शंख वर आला की उताणी," तिनं जाहीर केलं. "दुसरी बाजू आली की पालथी."

तेव्हापासून तो डाव तसाच चालू आहे. हजार वर्षं एका देशानं कवडीचा पैसा केला. आमच्या माईनं त्या देशाच्या पैशाची पुन्हा कवडी केली. भाचा रोज संध्याकाळी तिच्याकडून हरतो आणि म्हणतो, आजीचं दान शंखावरच कसं पडतं, याची चौकशी झाली पाहिजे.