राखेतले दाणे आणि पडद्यावरील शोध

परीकथा म्हटली की राजपुत्र, तलवार आणि राक्षस यांचेच चित्र बहुधा डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु या कथा सावकाशीने वाचल्या म्हणजे असे दिसून येते की, त्यांतील कितीतरी निर्णायक प्रसंगी तलवार म्यानातच राहते. तेथे काम पडते ते नजरेचे, चिकाटीचे आणि तर्काचे. ग्रिम बंधूंच्या संग्रहातील सिंड्रेला राजवाड्यातील समारंभास जाण्याची परवानगी मागते, तेव्हा तिची सावत्र आई भांडेभर मसूर राखेत ओतते आणि दोन तासांत ते निवडून दाखव, असे फर्मावते. कबुतरे मदतीला येतात आणि दाणा न् दाणा वेचला जातो. दुसऱ्या शतकात अप्युलियस या लॅटिन लेखकाने लिहिलेल्या कथेतील सायकीपुढेही सरमिसळ धान्याची रास टाकलेली आहे. तिच्या साहाय्यास मुंग्या धावतात. गर्दीतून नेमकी वस्तू वेचणे, बंद दाराची किल्ली मिळविणे, लपविलेले नाव ओळखणे, ही परीकथेतील जुनी कसोटी होय.

हीच कसोटी आता संगणकाच्या पडद्यावर आली आहे. चित्रात लपलेल्या वस्तू शोधावयाच्या, त्यांच्या साहाय्याने कोडी सोडवावयाची आणि एखाद्या परीकथेचे रहस्य उलगडीत पुढे जावयाचे, असे हे खेळ असतात. मोडकळीस आलेल्या राजवाड्यातील एखादे दालन समोर येते. आरसे, पिसे, कात्र्या, घड्याळे यांची तेथे दाटी असते आणि खाली दहा-बारा नावांची यादी दिलेली असते. नेमक्या वस्तूवर माउसची टिचकी पडली की यादीतील नाव खोडले जाते. बेफाम टिचक्या मारीत सुटणाऱ्यास पुष्कळ खेळांत शिक्षाही होते. क्षणभर त्याचा बाण चालेनासा होतो. मदत मागण्याची सोय असते, पण एकदा मागितल्यावर पुन्हा मागण्यापूर्वी काही वेळ थांबावे लागते. कधी यादीच खेळाडूला चकविते. ‘बॅट’ असे लिहिलेले असेल तर क्रिकेटची फळी शोधावयाची की वटवाघूळ, हे चित्र पाहूनच ठरवावे लागते. यादी पुरी झाली म्हणजे एखादी वस्तू खेळाडूच्या पोतडीत पडते आणि पुढील कुलूप तिनेच उघडते.

रिकामपणाचा उद्योग म्हणून या खेळांची बोळवण करणे सोपे आहे. परंतु त्यांचा इतिहास पाहिला तर त्यात पिढ्यान्पिढ्या कथा सांगणाऱ्या स्त्रियांचा, दुरावलेल्या मुलींसाठी खेळ रचणाऱ्या एका पित्याचा आणि स्वयंपाकघरातील टेबलावर नवी कला घडविणाऱ्या एका गृहिणीचा भाग आहे. तो सांगण्याजोगा आहे.

प्रारंभ जर्मनीपासून करावा लागतो. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम यांच्या परीकथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ साली आणि दुसरा १८१५ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथावर नाव दोघा विद्वान बंधूंचे असले, तरी त्यांना कथा पुरविणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. निद्रिस्त राजकन्येची कथा त्यांना मारी हासेनफ्लुग या तरुणीकडून मिळाली. कासेल शहराजवळच्या खेड्यातील डोरोथेआ फीमान ही शिंप्याची पत्नी. तिच्या वडिलांची खाणावळ होती आणि तेथे उतरणाऱ्या वाटसरूंच्या गोष्टी तिच्या कानांवर पडत. पुढे ती भाजीपाला विकावयास शहरात येई आणि ग्रिमांकडे बसून कथा सांगे. एकदा सांगितलेली गोष्ट ती पुन्हा जशीच्या तशी सांगू शकत असे, याची दोघा भावांनी मुद्दाम नोंद केली आहे. दुसरा खंड निघाला त्याच वर्षी ती वारली. तिच्याकडून त्या कथा वेळीच उतरून घेतल्या नसत्या, तर त्यांतील कित्येक तिच्याबरोबरच गेल्या असत्या.

या परंपरेचा संगणकाशी संबंध आला तो मात्र एका गुहेतून. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये विल क्राउथर नावाचा प्रोग्रामर होता. आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेट या जाळ्याच्या उभारणीत त्याने काम केले होते. त्याला आणि त्याची पत्नी पॅट्रिशिया हिला गुहा धुंडाळण्याचा छंद होता. केंटकी राज्यातील फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन प्रचंड गुहा आतून जोडलेल्या आहेत, हे १९७२ साली ज्या तुकडीने सिद्ध केले, तिच्यात पॅट्रिशिया होती. पुढे या दांपत्याचा घटस्फोट झाला. मुली दुरावल्या. त्या भेटीस येतील तेव्हा त्यांचे मन रमावे, या हेतूने १९७५-७६ च्या सुमारास क्राउथरने फॉरट्रान भाषेत एक खेळ लिहिला. त्यात चित्र एकही नव्हते. गुहेचे वर्णन शब्दांत येई आणि खेळाडूने एक-दोन शब्दांत आज्ञा टंकावयाची: पूर्वेस जा, दिवा घे. १९७७ साली स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने त्यात चाचा आणि राक्षसी जीव यांची भर घातली. अशा रीतीने खऱ्या गुहेत परीकथा शिरली. विक्रम-वेताळाच्या कथांत गोष्ट संपते तेथे प्रश्न उभा राहतो; या खेळात प्रश्न सुटल्यावाचून गोष्टच पुढे सरकत नसे.

हा खेळ कॅलिफोर्नियातील रॉबर्टा विल्यम्स या तरुण मातेच्या हाती पडला आणि तिला त्याने वेड लावले. तो संपल्यावर तशा प्रकारचे दुसरे फारसे काही मिळेना, तेव्हा तिने स्वतःच एक खेळ रचावयास घेतला. कथानक आणि चित्रे तिची, प्रोग्राम तिचे पती केन यांचा. १९८० साली ‘मिस्टरी हाउस’ हा खेळ बाहेर पडला. चित्रे अगदी साध्या रेघांची होती, पण शब्दांनी चालणाऱ्या साहसखेळात चित्र दाखविण्याचा हा पहिला प्रयत्न होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत तबकडी घालून तो २४.९५ डॉलरना विकला जाई. त्याच वर्षी रॉबर्टाबाईंनी ‘विझर्ड अँड द प्रिन्सेस’ हा रंगीत खेळ केला आणि त्यात त्या थेट परीकथेकडे वळल्या.

१९८४ सालच्या ‘किंग्ज क्वेस्ट’ या खेळात त्यांनी परीकथांचा सारा मुलूखच उभा केला. ग्रॅहम नावाच्या सरदाराने डॅव्हेंट्री राज्याची हरवलेली तीन रत्ने परत आणावयाची: जादूचा आरसा, ढाल आणि सुवर्णाची पेटी. वाटेत पूल अडविणारा राक्षस आहे, गोड खाऊच्या घरात राहणारी चेटकीण आहे आणि आपले नाव ओळखावयास सांगणारा ठेंगू म्हाताराही आहे. ग्रिमांची रम्पलस्टिल्टस्किनची कथा ठाऊक असलेल्यास वाटे, उत्तर सोपे आहे. परंतु चेटकिणीच्या घरातील चिठ्ठीत उलटा विचार करण्याची सूचना होती. नाव उलट्या क्रमाने लिहूनही भागत नसे. मुळाक्षरांचा क्रमच उलटा धरून, म्हणजे पहिल्या अक्षराच्या जागी शेवटचे घेऊन, ते लिहावे लागे. या कोड्याने इतक्यांना हैराण केले की, १९९० च्या नव्या आवृत्तीत नाव सरळ उलटे लिहिले तरी चालेल, अशी मुभा देण्यात आली. कथा माहीत असणे पुरेसे नसून तिचा नव्याने विचार करावा लागतो, हा या खेळप्रकाराचा विशेष तेथे ठळकपणे दिसतो. १९८८ च्या चौथ्या भागात नायकाची जागा राजकन्या रोझेलाने घेतली. पित्याचे प्राण वाचविणारे फळ आणण्यासाठी तीच घराबाहेर पडते. झोपून राहून राजपुत्राची वाट पाहणारी राजकन्या येथे मागे पडली होती.

दुसरा धागा लहान मुलांच्या मासिकांतून आला. चित्रात दडलेले प्राणी शोधण्याची कोडी मराठी वाचकांच्याही बालपणीची ओळखीची आहेत. अमेरिकेतील ‘हायलाइट्स’ या मासिकाने १९४६ पासून ती चालविली. १९८७ साली इंग्लंडच्या मार्टिन हँडफर्ड यांनी गर्दीत हरवलेल्या वॉलीचे पुस्तक काढले. १९९३ साली रँड आणि रॉबिन मिलर या भावांच्या ‘मिस्ट’ने संगणकावर निवांतपणे, कोणाशीही न झुंजता, चित्रमय प्रदेशात फिरण्याची गोडी लक्षावधी लोकांना लावली. हे सारे प्रवाह एकत्र आले ते २००५ साली. सिॲटलच्या बिग फिश गेम्स या संस्थेने त्या वर्षी ‘मिस्टरी केस फाइल्स: हंट्सव्हिल’ हा खेळ काढला आणि लपलेल्या वस्तूंच्या शोधाला बाजारात स्वतंत्र स्थान मिळाले. तासभर फुकट खेळून पाहावयाचे आणि आवडला तर विकत घ्यावयाचा, ही त्या संस्थेची विक्रीची पद्धत होती.

पुढे निव्वळ शोध पुरेना. त्याला कथेची जोड हवी होती आणि सर्वांना ठाऊक असलेली कथा परीकथेइतकी दुसरी कोणती असणार? २०१० साली ब्लू टी गेम्सने ‘डार्क पॅरेबल्स: कर्स ऑफ ब्रायर रोज’ हा खेळ तयार केला. निद्रिस्त राजकन्येच्या काट्यांनी वेढलेल्या वाड्यात येथे खेळाडू राजपुत्र म्हणून येत नाही. तो येतो गुप्तहेर म्हणून. त्याच मालिकेत पुढे बेडूक-राजपुत्र, हिमराणी, तांबड्या टोपीची मुलगी आणि सिंड्रेला यांचीही प्रकरणे हाताळली गेली. पोलंडमधील आर्टिफेक्स मुंडी आणि सर्बियातील आयपिक्स या संस्थांनीही अशा खेळांत नाव मिळविले.

हे खेळ मोठ्या प्रमाणावर खेळणाऱ्यांत प्रौढ स्त्रियांचा भरणा आहे. वेगाने गोळ्या झाडण्याच्या खेळांत वाढलेल्यांनी त्यामुळेच त्यांच्याकडे काहीसे तुच्छतेने पाहिले. त्यांच्यात दोष नाहीत असे नाही. कथानके पुष्कळदा एकाच साच्यातून निघतात, शापित राण्या एकमेकींसारख्या दिसतात आणि केवळ वेळ काढण्यासाठी एकच दालन पुनःपुन्हा धुंडाळावयास लावले जाते. परंतु दिवसभर निवडणे, टिपणे, आवरणे ही कामे ज्यांच्या वाट्यास आली, त्यांच्या त्याच नजरेला येथे काम म्हणून नव्हे तर खेळ म्हणून वाव मिळतो, ही गोष्ट लहान नव्हे. सिंड्रेलेला ते दाणे शिक्षा म्हणून निवडावे लागले होते.

एक चिंता मात्र खरी आहे. डोरोथेआ फीमानची कथा कागदावर उतरली आणि दोनशे वर्षे टिकली. संगणकावरील कथेला तसा भरवसा नाही. २०१९ साली ॲपलने आपल्या संगणकांच्या कार्यप्रणालीत बदल केला आणि जुन्या पद्धतीचे असंख्य खेळ त्यांवर एका दिवसात निरुपयोगी झाले. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकन संस्थेच्या २०२३ मधील पाहणीनुसार, २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के बाजारात मिळेनासे झाले आहेत. क्राउथरचा मूळ प्रोग्रामही कित्येक वर्षे नाहीसा झाला असेच समजले जाई. वुड्सच्या विद्यार्थिदशेतील खात्याच्या स्टॅनफर्ड येथील जुन्या प्रतीत तो सापडला आणि २००७ साली डेनिस जर्झ या अभ्यासकाने त्यावर सविस्तर लेख प्रसिद्ध केला. जगातील सर्व शोधखेळांचा आद्य खेळ असा स्वतःच शोधून काढावा लागला.

त्याचा शेवट मात्र समाधानाचा आहे. २०२३ च्या जानेवारीत रॉबर्टा आणि केन विल्यम्स यांनी निवृत्तीनंतर पुन्हा एकत्र येऊन त्याच गुहेचा नवा, सचित्र खेळ सादर केला. जो खेळ तरुणपणी रॉबर्टाबाईंनी केवळ शब्दांत वाचला होता, तो त्यांनी पुढच्या पिढीच्या डोळ्यांपुढे उभा केला. परीकथा आजवर जगली ती अशीच, ऐकणाऱ्याने ती पुन्हा सांगितल्यामुळे. पडद्यावरील कथेलाही हाच नियम लागू आहे आणि तिला सांगणारे वेळेवर भेटले पाहिजेत.