सोसायटीचा मेल गेला कुठं?

गेल्या रविवारी आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत डीम्ड कन्व्हेयन्सची मीटिंग होती. बिल्डरशी २००६ ते २००९ मध्ये झालेले मेल हवे होते. सोसायटीचं फुकटातलं मेल खातं चालू आहे, पासवर्डही आहे. उघडलं तर ती तीन वर्षं कोरी! कुणी डिलीट केलं म्हणून लगेच आवाज चढले. खरं तर कुणीच मुद्दाम केलेलं नाही.

याचं मूळ डायल-अपच्या काळात आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं आपल्याकडं इंटरनेट सगळ्यांना खुलं केलं. लाइन जोडलेली असेपर्यंत फोनचं बिल वाढायचं. म्हणून लोक आउटलुक एक्स्प्रेससारख्या प्रोग्रॅममध्ये मेल उतरवून घ्यायचे, लाइन तोडायचे आणि मग निवांत वाचायचे. त्यामागची पद्धत पीओपी, म्हणजे पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, १९८४ ची. नाव अगदी चपखल: पत्र घरी आणलं की पोस्टात उरत नाही. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण केली नसेल, तर मेल फक्त त्या कॉम्प्युटरवरच!

१९९६ मध्ये हॉटमेल आलं. (त्याचे एक जनक सबीर भाटिया शाळेला पुण्यात, बिशप्समध्ये होते.) आता मेल कुठल्याही सायबर कॅफेत उघडायला लागला. पण फुकट खात्याची कमाई जाहिरातींवर, आणि जाहिरात दिसते वेबपेजवर. तुम्ही मेल प्रोग्रॅममध्ये ओढला की ती दिसणार कशी? म्हणून याहूनं २००२ मध्ये फुकट पीओपी बंद केलं, २००४ मध्ये हॉटमेलनंही आउटलुकची वाट नव्या फुकट खात्यांना बंद केली. त्याच वर्षी जीमेलनं उलट पीओपी फुकट दिलं आणि २००७ मध्ये आयमॅप. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतो, कॉम्प्युटरवर नुसती प्रत येते. आमचं खातं मात्र जुन्या पद्धतीनंच चालू राहिलं.

तेव्हाचे सेक्रेटरी काका सगळा मेल घरच्या पीसीवर उतरवायचे. कमिटी बदलली तेव्हा रजिस्टर, शिक्का, चेकबुक सगळं सह्या करून दिलं-घेतलं. पीसीचा विषयच निघाला नाही. तुमच्या सोसायटीचा मेल कुणाच्या घरी उतरतोय, एकदा विचारा.

काकांना फोन केला. म्हणाले, "अरे, तो डबा माळ्यावर आहे, भंगारात द्यायचा राहिलाय." शनिवारी हार्ड डिस्क काढतोय. चालली तर कळवतो.